दादांचं वायरिंग

वहिनींनी पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि तेही हौसेने नव्हे. त्यांच्या नवऱ्याचा, दादांचा, उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाच्या कपापुरता, मग स्क्रूड्रायव्हरपुरता, मग सगळ्याच कामापुरता. एके दिवशी वहिनी डबा द्यायला दुकानात आल्या तर दादा एका स्कूटरच्या हॉर्नशी झटत बसलेले. बारीक तारेला कथलाचा एक टाका लावायचा होता आणि तो काही केल्या बसेना. वहिनींनी डबा खाली ठेवला, बाह्या सारल्या, "सरका, कुठे लावायचा ते नुसतं दाखवा," म्हणाल्या, आणि लावला. टाका वाकडा होता, पण हॉर्न वाजला.

तेव्हापासून नऊ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं ते दुकान असंच चाललं होतं. टायरवाला आणि काचवाला यांच्या मधोमध, आठ पावलांत संपणारं. दादा शटरजवळच्या खुर्चीत बसून सांगायचे आणि वहिनी करायच्या. नवीन गिऱ्हाईक बॉनेटमध्ये वाकलेल्या वहिनींना ओलांडून दादांनाच विचारायचं, "काय झालंय हो?" दादा शांतपणे म्हणायचे, "मला काय विचारता, साहेब तिकडे आहेत."

पुढे पुढे सांगायची गरजही उरली नाही. डायनॅमो, सेल्फ, वायपर, इंडिकेटर, सगळं वहिनींच्या हातात बसलं. फक्त एका कामाला दादा हात लावू देत नसत. हेडलाइट. कोणी हेडलाइटची तक्रार घेऊन आलं की ते खुर्चीतूनच हात हलवायचे. "चौकातल्या दुकानात न्या. आम्ही ते करत नाही." गिऱ्हाइकाला नवल वाटायचं. वहिनी मान खाली घालून हातातलं काम करत राहायच्या. कारण त्यांना माहीत होतं, आणि त्या विषयावर दोघांत बारा वर्षांत एक अक्षरही निघालं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या वडिलांच्या वेळची मोटार दादांकडे आणली होती. हिरवी, चाकांवर गोलाकार फेंडर असलेली, डॉक्टरांपेक्षाही वयाने मोठी. आतल्या तारांवरचं कापड कुजून गेलं होतं. दादांनी बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत एक एक तार नवी घातली, सगळा जुडगा मेण लावलेल्या निळ्या दोऱ्याने बांधला, आणि त्यात महिना घालवला. डॉक्टर गाडी घेऊन गेले तेव्हा दादा रस्त्यावर उभे राहून वळणापर्यंत तिच्याकडे बघत होते.

चार महिन्यांनी दिवेलागणीच्या वेळी उतारावर त्या गाडीचे दोन्ही हेडलाइट एकदम गेले आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. डॉक्टरांचा पाय मोडला. त्यांच्या बायकोच्या कपाळाला काच लागली. दोघं वाचली, पण डॉक्टरांचे थोरले भाऊ दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि चार माणसांदेखत बोलले, "तुमच्या हातामुळे आज माझा भाऊ गेला असता." डॉक्टर पुन्हा कधी दुकानाकडे फिरकले नाहीत. गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच.

ती गाडी एका सकाळी दुकानासमोर येऊन थांबली.

वहिनींनी रंगावरूनच ओळखली. चालवत होती डॉक्टरांची मुलगी, पंचवीस-सव्वीस वर्षांची, तळहात ग्रीसने काळे. तिने शेडमधून गाडी बाहेर काढून इंजिन एका मेकॅनिककडून चालू करून घेतलं होतं.

"सगळं झालं, पण हेडलाइट काही केल्या नीट होत नाहीत," ती म्हणाली. "लागतात. दहा मिनिटं बरे चालतात. मग मंद होत होत विझतात, आणि थोड्या वेळाने आपोआप परत लागतात. एकाने बल्ब बदलले, एकाने फ्यूज बदलला, तिसऱ्याने बॅटरीच बदलली. मेकॅनिक म्हणाला, आता वहिनींकडे ने, बाकी सगळ्यांनी हात टेकलेत."

"बाबांना माहितीये इथे आणलीस ते?"

मुलीने किल्ली बोटाभोवती फिरवली. "नाही. ते म्हणाले होते, कुठेही ने, त्या दुकानात नको. का ते सांगत नाहीत."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा उठून दुकानामागच्या घरात निघून गेले होते.

वहिनींनी क्षणभर विचार केला. चौकातल्या दुकानाचं नाव ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "किल्ली ठेवून जा. संध्याकाळी ये."

आत दादा पलंगाच्या कडेवर बसले होते. हात मांडीखाली दाबून धरलेला, थरथर दिसू नये म्हणून.

"घेतलीस?"

"घेतली."

दादांनी दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "स्विचच्या मागे एक टाका आहे. हेडलाइटच्या जाड तारेचा. तो मी सगळ्यात शेवटी लावला होता. दिवसभराचा थकलो होतो. प्रत्येक टाका लावल्यावर मी ओढून बघतो, तुला माहितीये. तो ओढून बघितला होता की नाही, ते मला आठवत नाही."

वहिनी त्यांच्याशेजारी टेकल्या. "बारा वर्षं तुम्ही हे..."

"रोज," दादा म्हणाले. "रोज तो दिवस आठवून बघतो. आयर्न खाली ठेवल्याचं आठवतं. दिवा लावून बघितल्याचं आठवतं. ओढल्याचं आठवत नाही."

इतकी वर्षं वहिनींना वाटत होतं की डॉक्टरांच्या भावाच्या बोलण्याने यांचं मन दुखावलंय. हे काही वेगळंच निघालं. त्यांच्या मनात आलं, टाका सुटलेला निघाला तर गुपचूप नवा लावायचा, आणि बाहेर येऊन सांगायचं की बिघाड दुसरीकडेच होता. कोणाला कळणार आहे?

दादांनी मान वर केली. "आणि जे निघेल ते खरं सांग. मला वाचवायला जाऊ नकोस. तू खोटं बोलतेस तेव्हा तुझा आवाज गोड होतो, लगेच कळतं."

"माझा आवाज गोडच आहे," वहिनी म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

त्यांनी गाडी आत घेतली, शटर अर्ध्यावर ओढलं, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त झालेला डोळ्यांना दिसावा. इंजिन चालू ठेवलं, हेडलाइट लावले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले. मग मीटर घेऊन त्या कामाला लागल्या.

बॅटरीवर बारा व्होल्टच्या वर. ठीक. दिव्याच्या होल्डरवर दहाच्याही खाली. म्हणजे वाटेत कुठेतरी दोन-अडीच व्होल्ट गळत होते. जुन्या गाडीत असं दिसलं की शंभरातल्या नव्वद वेळा अर्थिंग गंजलेलं निघतं. वहिनींनी मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थला लावलं. काटा जागचा हललासुद्धा नाही. खाली वाकून बघितलं तर दादांनी पत्रा घासून तारेच्या टोकाला तांब्याची कडी, म्हणजे लग, बसवला होता, वरून व्हॅसलीन फासलं होतं, आणि बारा वर्षं शेडमध्ये काढूनही खालचा पत्रा चकचकीत होता. वहिनींना त्याही अवस्थेत जरा अभिमान वाटला. पण त्याचबरोबर धास्तीही वाढली. अर्थिंग चांगलं म्हणजे बिघाड वीज येण्याच्या वाटेवर, आणि ती वाट त्या टाक्यावरून जात होती.

नऊ मिनिटं झाली. भिंतीवरचे गोल तांबूस झाले, आक्रसले, आणि गेले. बारीक पार्किंगचे दिवे मात्र जळत होते. वहिनींनी पायाने डिपर दाबून बघितला. वरचा झोतही नाही आणि खालचाही नाही. दोन्ही एकदम जातात म्हणजे डिपरच्या अलीकडेच काहीतरी आहे. अलीकडे म्हणजे स्विच. स्विच आणि त्याच्या मागचा टाका.

त्यांनी टॉर्च घेतली, पुढची सीट काढून बाहेर ठेवली आणि डॅशबोर्डखाली पाठीवर आडव्या झाल्या. पन्नाशीच्या बाईने त्या जागेत शिरायचं म्हणजे कसरतच. पाय दाराबाहेर, मान क्लचच्या पॅडलला टेकलेली. वर बघितलं तर निळ्या दोऱ्याने बांधलेला जुडगा दिसला, गाठी एकसारख्या अंतरावर, मोजून मारल्यासारख्या. त्या जुडग्याच्या शेवटी स्विच होता, आणि स्विचच्या मागे जाड तार आणि तो टाका.

वहिनींनी तारेला दोन बोटांनी धरलं आणि ओढलं. टाका हलला नाही. पक्कड घेतली, तिने धरून ओढलं. सगळा स्विच पुढे आला, डॅशबोर्ड कुरकुरला, पण टाका जागच्या जागी. चकचकीत, गोल, थेंबासारखा.

त्यांनी पक्कड खाली ठेवली. आणि तेव्हा त्यांना त्या टाक्याशेजारी दोन लाल तारा दिसल्या.

तारा दादांच्या नव्हत्या. एवढं तर झोपेतही सांगता आलं असतं. हलक्या प्लास्टिकच्या, टाका नाही, लग नाही, नुसत्या हेडलाइटच्याच टोकाला पीळ देऊन गुंडाळलेल्या आणि वर चिकटपट्टी. निळ्या दोऱ्याच्या बाहेरून त्या लोंबत पुढे गेल्या होत्या. टॉर्च धरून वहिनी त्यांच्या मागोमाग गेल्या. बॉनेटखालून, रेडिएटरच्या कडेने, पुढच्या बंपरपर्यंत. तिथे त्या कापून टाकलेल्या होत्या. बंपरवर दोन भोकं होती, बोल्टची, कडेने गंजलेली.

फॉग लॅम्प. कोणीतरी दोन मोठे फॉग लॅम्प लावले होते आणि त्यांचाही भार त्याच जुन्या स्विचवर टाकला होता.

वहिनी पुन्हा डॅशबोर्डखाली गेल्या आणि स्विचला हात लावला. झटकन मागे घेतला. अजूनही तापलेला होता.

"अहो," त्यांनी तिथूनच हाक मारली. "अहो, इकडे या."

दादा आले नाहीत.

"टाका धड आहे. या म्हणते ना."

मग पावलं आली. त्यांचे जुने बूट दाराशी थांबले. वहिनी सरपटत बाहेर निघाल्या, केसांत जळमटं, गालाला काळं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझा आवाज गोड असतो. तुम्ही स्वतः ओढून बघा."

दादांना डॅशबोर्डखाली शिरवणं सोपं नव्हतं. वहिनींनी पाठीखाली गोणपाट घातलं, डोक्याखाली हात दिला. दादांचा हात वर गेला, हवेत थरथरला, जुडग्यावर आपटला, गाठी चाचपत चाचपत पुढे सरकला. निळा दोरा बोटांना लागला तसा तो हात जरा निवला. मग टाका सापडला. त्यांनी ओढलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा इतक्या जोराने ओढलं की वहिनींना वाटलं स्विचच उपटून हातात येईल.

"निघत नाही," दादा म्हणाले.

"नाहीच निघणार."

ते तसेच पडून राहिले, वर बघत. टॉर्चच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण टाका त्यांनी अजून धरून ठेवला होता. वहिनींनी तोंड फिरवून मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. गुंडाळलेल्या उलगडल्या आणि परत गुंडाळल्या.

"या लाल कोणाच्या?" शेवटी दादांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज कामाचा होता. "हा काय प्रकार आहे? पीळ देऊन? कोणत्या गाढवाने केलंय हे?"

ते ऐकून वहिनींचा जीव भांड्यात पडला. बारा वर्षांत दादा कोणाच्या कामावर इतके चिडले नव्हते.

दोघांनी मिळून स्विच उघडला. आत काळा पडलेला पितळी काँटॅक्ट, वितळून खड्डे पडलेला, आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग तापून तापून मऊ झालेली. दुप्पट भार आला, काँटॅक्ट भाजला, स्प्रिंगचा दाब गेला. आता गरम झाली की ती काँटॅक्टला सोडते आणि दिवे जातात. गार झाली की परत टेकते आणि दिवे येतात. जरा वेळाने दादांनी आपली वही मागवली. प्रत्येक गाडीचं वायरिंग ते तीत काढून ठेवत. हिरव्या गाडीचं पान सापडलं. हेडलाइट, पार्किंग, मागचे दिवे, हॉर्न, सगळं रेषारेषांनी आखलेलं. फॉग लॅम्प कुठेही नव्हते.

त्या दुपारी दादा जेवले आणि खुर्चीतच झोपले. इतके घोरले की टायरवाला डोकावून गेला.

संध्याकाळी मुलगी आली ती एकटी नव्हती. मागून डॉक्टर, काठी टेकत. मुलीने घरी सांगून टाकलं होतं. डॉक्टरांचे केस पार पांढरे झाले होते. शटरच्या उंबऱ्याशी ते थांबले, आत यावं की नाही अशा संभ्रमात.

वहिनींनी उघडलेला स्विच त्यांच्यापुढे धरला आणि दोन्ही लाल तारा दाखवल्या. "या कोणी लावल्या, डॉक्टर?"

डॉक्टरांनी तारांकडे बघितलं. "मी लावून घेतल्या. बाजारातल्या एकाने अर्ध्या तासात बसवून दिले होते दिवे. पहाटे गोठ्यांवर जावं लागायचं, धुकं असायचं, म्हणून. अपघाताच्या आधी दोन-तीन आठवडे. अपघातात फुटले, मग काढून टाकले."

"स्विच गरम लागायचा हाताला?" दादांनी खुर्चीतून विचारलं.

"लागायचा. मला वाटलं, जुनी गाडी आहे, तापत असेल." मग त्यांना एकदम उमगलं असावं, कारण काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "म्हणजे त्यामुळे?"

"त्यामुळेच," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर स्टुलावर बसले. "दादा, मी तुमच्यावर कधीच ठपका ठेवला नाही. भावाने काय केलं ते मला हॉस्पिटलमधून घरी आल्यावर कळलं. चार लोकांसमोर तुम्हाला बोलला, आणि मी पायावर उभा राहीपर्यंत सहा महिने गेले. मग कोणत्या तोंडाने यायचं? आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं. हिलाही म्हटलं तिथे नको. तुम्ही दारात उभं करणार नाही असंच वाटायचं."

"आणि मला वाटायचं, माझा टाका सुटला," दादा म्हणाले.

"कोणता टाका?"

दादांनी सांगितलं. थोडक्यात, खाली बघत. डॉक्टर ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. "रोज?" त्यांनी विचारलं, आणि वहिनींनी मान हलवली. मग डॉक्टर उठले, खुर्चीपाशी गेले आणि दादांचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गुरांच्या डॉक्टरांचे हात ते, रुंद आणि जाड. "मला माफ करा," म्हणाले. "भावाच्या वतीने आणि माझ्याही."

दादांना अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नसे. ते म्हणाले, "फॉग लॅम्पला रिले लावायचा असतो हो."

मुलीला हसू आवरलं नाही, आणि मग डॉक्टरही हसले. वहिनी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेल्या, गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि ओट्याला धरून दोन मिनिटं मनसोक्त रडून घेतलं. रडताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं की पाणी उकळून निम्मं झालं तरी भान राहिलं नाही.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. तसा स्विच आता कुठे मिळत नाही. दादांनी खणातून जुने भंगार स्विच काढायला लावले आणि त्यातून मापाची स्प्रिंग निघाली. काँटॅक्ट वहिनींनी नवा बसवला. वर रिले टाकला. तो कशाला, असं मुलीने विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "स्विचने नुसता हुकूम सोडायचा, ओझं रिलेने उचलायचं. आमच्या दुकानात चालतं तसंच." दादा खुर्चीतून म्हणाले, "ऐकलं मी." लाल तारा उपटून टाकल्या. नव्या तारा वहिनींनी निळ्या दोऱ्याने बांधल्या आणि दादांनी त्यातल्या चार गाठी सोडायला लावून पुन्हा मारायला लावल्या. नवव्या मिनिटाला दोघंही भिंतीवरच्या गोलांकडे बघत उभे होते. दहावं गेलं, विसावं गेलं, पंचेचाळिसावं गेलं. स्विचला हात लावला तर गार.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला मुलीने सगळ्यांना गाडीत बसवलं. पुढे ती आणि डॉक्टर, मागे दादा आणि वहिनी. गाडी गावाबाहेर पडली आणि उताराला लागली. डॉक्टरांनी दाराची कड धरली होती. झोत रस्त्यावर सरळ, पिवळा, दूरवर. कडेचे दगड एकामागून एक उजळत येत होते आणि मागे जात होते. पूल आला. कठड्याचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा नवा होता. तो उजेडात आला, आणि मागे गेला.

"डिपर मारून बघ," दादांनी मुलीला सांगितलं. तिने मारला. झोत खाली आला, परत वर गेला. "पुन्हा." पुन्हा मारला. "पुन्हा."

"काका, समोरच्याला वाटेल मी डोळे मारतेय."

डॉक्टरांनी दार सोडलं. मागे वळून ते दादांशी बोलायला लागले, आधी डायनॅमोबद्दल, मग म्हशींबद्दल, मग कशाकशाबद्दल. बारा वर्षांचं साठलेलं होतं. दादा हातवारे करून काहीतरी समजावत होते आणि हात थरथरतोय याची त्यांना शुद्ध नव्हती.

वहिनी थोडा वेळ ऐकत होत्या. मग सीटला डोकं टेकलं. इंजिनाची एकसुरी घरघर, खिडकीतून गार वारा, आणि शेजारी दादांचा अखंड चाललेला आवाज. त्यांना झोप कधी लागली ते कळलंच नाही. गाडी दुकानाशी येऊन थांबली, सगळे उतरले, तरी त्या झोपलेल्याच. दादांनी तीन हाका मारल्या, मग मुलीला म्हणाले, "राहू दे. अजून एक चक्कर मारून आणतेस का तिला?"